भिलाईचा घाम

“आता कुठे? मामा, उजेड मेला.”

“मेला? वर बघ एकदा.”

“वर बघवत नाही, तेच तर म्हणतेय.”

दुर्ग स्टेशनाबाहेर, तापलेल्या स्कूटरच्या सीटवर रुमाल पसरता पसरता हे बोलणं झालं. पहाटे पावणेपाचला पोचणारी गाडी साडेआठला पोचली होती. तारीख २६ मे, नौतपाचा दुसरा दिवस. सूर्य रोहिणीत शिरला की नऊ दिवस नौतपा, हे नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. माझा बेत साधा होता. सव्वापाचच्या सुमाराला सूर्य उगवतो, तेव्हा मरोद्याकडच्या तळ्यावर असायचं, सातपर्यंत मिळेल ते टिपायचं, मग मामीच्या हातचं जेवून ताणून द्यायची आणि संध्याकाळी सहाच्या गाडीने परत. त्यातला कामाचा भाग गाडीनेच गिळला.

दुसरं दुखणं पाठीवरच्या पिशवीत होतं. पक्ष्यांसाठी वापरते ती लांब लेन्स दुरुस्तीला गेली होती आणि दुकानदाराच्या ‘दोन दिवसांत देतो’ला तिसरा आठवडा लागला होता. जवळ होती ती फक्त ५० मिलिमीटरची, मुठीत मावणारी. हिने घरातल्या मांजराचा फोटो चांगला येतो. तळ्याच्या मध्यावरचा पाणकावळा हिच्यातून स्वल्पविरामाएवढा दिसतो.

“मग तर आताच जायचं,” मामा म्हणाले. “सकाळी काय, सगळ्यांचेच फोटो चांगले येतात.”

मामांनी ३८ वर्षं भिलाई स्टील प्लांटच्या स्टील मेल्टिंग शॉपमध्ये काढली. १९७९ला लागले, २०१७ला निवृत्त झाले. त्यांच्या खिशात अजून एक निळी काच असते. कोबाल्टची. हेल्मेटच्या कडेला अडकवलेली ती काच डोळ्यांवर ओढायची आणि मग भट्टीत बघायचं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर पांढरा जाळ, बाकी काही नाही. काचेतून उकळणारं पोलाद वेगळं, वरची मळी वेगळी, छताच्या विटा वेगळ्या दिसतात. १६०० अंशांच्या आसपासचा तो मामला. मामांचं उजेडाबद्दलचं सगळं ज्ञान या काचेतून आलेलं. माझं आलेलं शिबिरांतून, जिथे पहिल्याच दिवशी सांगतात की सूर्य वर चढला की कॅमेरा पिशवीत घालायचा.

घरी मामीने बासी वाढली. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचं, सकाळी मीठ, कांदा आणि हिरवी मिरची. विदर्भातून आलेल्या आमच्या मामांच्या घरात छत्तीसगडचा हा पदार्थ कधी शिरला ते कोणालाच आठवत नाही. आम्ही खरंच निघालोय हे पाहून तिने दोघांच्या खिशात एकेक कांदा घातला.

“ऊन लागलं तर दोघांनाही मीच बघायचंय. अकराच्या आत या.”

आम्ही आलो एक वाजता. तो वेगळा विषय.

सेक्टरांमधले सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना गुलमोहर पेटलेले, मधेच एखादा बहावा. स्कूटरवर मामा मान मागे वळवून बोलतात, त्यामुळे संभाषण आणि जीव दोन्ही मुठीत धरावे लागतात.

“तू दिवाळीत फोटो दाखवलेस. भरतपूर, नवेगाव, उजनी. सगळे छान. सगळे सोनेरी. मी तीनदा विचारलं, हा कुठला, हा कुठला. आठवतं?”

“पक्षी ओळखू येत होता ना? पत्ता कशाला हवा?”

“पक्षी पत्त्यावर राहतो, बेटा.”

“मामा, समोर बघा.”

“बघतोय. तुझ्या त्या उजेडात सगळी गावं एकच होतात. भरतपूरही सोन्याचं, नवेगावही सोन्याचं. भिलाई सोन्याची नाही. मेमधली भिलाई पांढरी असते. आभाळ पांढरं, रस्ता पांढरा, बगळा पांढरा.”

“आणि म्हणूनच तिचा फोटो काढता येत नाही,” मी म्हणाले. “सूर्य खाली असतो तेव्हा उजेड बाजूने येतो, पिसन् पीस सुटं दिसतं, डोळ्यात ठिपका चमकतो. आता साडेनऊला सूर्य पंचावन्न अंशांवर आलाय. डोक्यावरून ओततोय. वरचा भाग जळणार, पोट काळं पडणार, डोळा खोबणीत बुडणार. यात मत कसलं आलंय, भूमिती आहे.”

“भूमिती आम्हालाही होती.”

मग झेनिटची गोष्ट आली. ती यायचीच होती. ऐंशीच्या दशकात प्लांटचा विस्तार चालू असताना घरी परतणाऱ्या एका रशियन तंत्रज्ञाकडून मामांनी झेनिट-ई घेतला. क्रास्नोगोर्स्कला बनलेला, लेन्ससकट किलोभर वजनाचा, विटेसारखा. आत ५८ मिलिमीटरची हेलिऑस, कपाळावर सेलेनियमचा प्रकाशमापक, बॅटरीची भानगड नाही. फिल्म पूर्व जर्मनीची ओर्वो, ३६ फोटोंचा रोल आणि तो महिनाभर पुरवायचा. प्रकाशमापक पुढे मेला तरी मामांचं अडलं नाही, कारण नियम पाठ होता: लख्ख ऊन असेल तर एफ सोळा, आणि फिल्मचा जो आकडा तोच शटरचा. १२५ची फिल्म, १२५चं शटर.

“रोलच्या डबीत चिठ्ठी यायची,” मामा म्हणाले. “पहिलं चित्र सूर्याचं. मग ढगाचं, मग सावलीचं. ऊन पहिलं. तुमच्यात ऊन कधी बाद झालं?”

“त्या चिठ्ठीप्रमाणे काढलेले आपल्या घरचे फोटो बघा एकदा. सगळ्यांच्या भुवया गोळा झालेल्या, निम्म्यांचे डोळे मिटलेले. आजीच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे.”

“आई उन्हात तशीच दिसायची,” मामा म्हणाले, आणि थोडा वेळ समोर बघून गाडी चालवली.

मैत्रीबागेचा फाटा आला. १९७२ सालची ही बाग, भारत-सोव्हिएत मैत्रीची म्हणून तिचं हे नाव, आणि पांढऱ्या वाघांसाठी नावाजलेली. “तिथेच जाऊ,” मी म्हणाले, “वाघ निदान सावलीत बसलेला असेल.” “त्याला कुठे जायचंय,” मामा म्हणाले आणि स्कूटर वळवली नाही.

मरोद्याचा मोठा जलाशय कारखान्याचा. तांदुळा धरणाचं पाणी कालव्याने येऊन तिथे साठतं आणि पुढे भट्ट्यांकडे जातं. आम्ही गेलो ते त्याच्या अलीकडचं जुनं गावतळं. १९५५च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९च्या फेब्रुवारीत राजेंद्रप्रसादांनी पहिली झोतभट्टी सुरू केली, आणि त्या चार वर्षांत इथल्या धानाच्या शेतांवर एक शहर उभं राहिलं. छत्तीसगडात गाव म्हटलं की तळं आलंच. काही गावं शहराच्या पोटात गेली तरी त्यांची तळी अशी कडेकडेने उरली आहेत. मेअखेर त्यात पाणी निम्म्याहून कमी. काठाची माती भाकरीसारखी फुगून तडकलेली, मधे शेवाळी हिरवं पाणी, कडेने बेशरमाची झुडपं. पायऱ्यांवर, म्हणजे इथल्या भाषेत पचरीवर, एक म्हातारा म्हशी पाण्यात सोडून बसला होता.

“अब्बड़ घाम हे, नोनी. कहाँ जाथस?”

मी गडबडले. मला घाम खूप आलाय हे याला कुठून दिसलं? मामा हसायला लागले. छत्तीसगढीत घाम म्हणजे ऊन. संस्कृतातला घर्म, म्हणजे उष्णता. तो इकडे आला तेव्हा आकाशातच राहिला, आपल्याकडे उतरला तो थेट कपाळावर. एकाच शब्दाची दोन टोकं, आणि त्या क्षणी दोन्ही माझ्या अंगावर होती.

“याला विचार,” मामा म्हणाले, “घाम वाईट का चांगला. म्हणेल, घाम म्हणजे घाम. तू म्हणतेस कडक उजेड, खराब उजेड. भट्टीचा उजेड कडक म्हणून आम्ही संध्याकाळची वाट बघत नव्हतो. काच लावायचो.”

“काच लावून पोलाद दिसतं. पक्षी कुठून आणणार? या वेळेला तेही शहाण्यासारखे पानांत बसलेत.”

हे मी म्हणाले आणि बरोबरच म्हणाले. आंब्यात साळुंक्या चोची उघड्या टाकून बसल्या होत्या. एक खंड्या येऊन गेला, तेवढाच. बाकी तळं रिकामं. मी पिशवीचा बंद आवळला आणि झाडाखाली बसायला निघाले, तेवढ्यात मामांनी हात वर केला. भट्टीवर आवाज ऐकू येत नाही, तेव्हाची त्यांची खूण.

बेशरमाच्या वाळल्या काडीच्या टोकावर एक चतुर बसला होता. रक्तासारखा लाल. चतुर एरवी बसतो आडवा. हा उलटा उभा होता: डोकं काडीला, पंख पुढे झुकवलेले, आणि शेपटी सरळ आकाशाकडे, एखाद्या पोराने शीर्षासन करावं तशी.

“मघाशी आलो तेव्हा तिरका होता,” मामा हळूच म्हणाले. “सूर्य चढतोय तसा तोही उभा होतोय.”

हे मला पुस्तकातून माहीत होतं. ऊन फार झालं की काही चतुर शेपटीचं टोक सूर्यावर रोखतात, म्हणजे अंगाचा कमीत कमी भाग उन्हात येतो. पण माहीत असणं वेगळं. पहाटेच्या शेकडो फोटोंमध्ये माझ्याकडे चतुर आहेत, दव अंगावर घेऊन गारठलेले, सगळे आडवे. हा उभा चतुर मी कधी पाहिलाच नव्हता, कारण तो उभा राहतो तोवर मी घरी जाऊन पोहे खात असते.

५० मिलिमीटरची लेन्स अर्ध्या मीटरपर्यंत जाऊ देते. गुडघ्यांवर बसले. माती जीन्समधून भाजत होती. एक वीत पुढे, थांबले, पुन्हा एक वीत. चतुर उडाला, एक चक्कर मारली आणि पुन्हा त्याच काडीवर आला. त्यांची ती सवय असते, फक्त आपण हलायचं नाही. उघड्या डोळ्याला त्याचे पंख दिसतच नव्हते, नुसती झळाळी. एक्स्पोजर दीड स्टॉप खाली ओढलं तेव्हा मागचं पाणी काळपट झालं आणि पंखांतली शीर न् शीर, टोकाजवळचा तो तपकिरी ठिपका, सगळं वर आलं. त्याच्या पायांजवळ काडीवर त्याचीच सावली पडली होती. मुगाच्या दाण्याएवढी. एवढ्या मोठ्या देहाची एवढीशी सावली.

“तुझी ती लांब लेन्स असती तर?” मामांनी विचारलं.

“तर तिथूनच काढला असता. उभ्या उभ्या.”

“मुगाचा दाणा दिसला असता?”

मी उत्तर दिलं नाही. मामांना अशा वेळी उत्तर दिलं की ते ते वर्षभर वापरतात.

पुढे आंब्याच्या काळ्या सावलीसमोर एक बगळा चिखलात उभा राहिला, आणि आता माझी परीक्षा होती. पांढरा पक्षी, डोक्यावर सूर्य. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो चुन्याच्या भिंतीचा तुकडा दिसत होता. मामांनी निळी काच पुढे केली. “सूर्याकडे नाही बघायचं हिच्यातून, फक्त बगळ्याकडे.” मी डोळ्याला लावली. हिरवं गेलं, पिवळं गेलं, सगळं जग निळ्या शाईत बुडालं आणि राहिलं फक्त कमी-जास्त. त्यात बगळा एकसारखा पांढरा नव्हता. पाठीवर लख्ख, मानेच्या वळणात करडा, पोटाखाली चिखलावरून उसळलेला मळकट उजेड. मागची आंब्याची सावली तर डांबर.

मग चिठ्ठीतलं गणित मीच मामांना सांगितलं. ऊन एफ सोळा असेल तर मोकळी सावली एफ चार. चार स्टॉप, म्हणजे सोळापट फरक. बगळ्याच्या पाठीला जपून उजेड मोजला की मागचं सगळं आपोआप काळं होतं. पहाटेच्या मऊ उजेडात हा फरक नसतो. तिथे पार्श्वभूमी पुसायला महागडी लेन्स लागते. इथे उन्हाने ती फुकटात पुसली.

“बघ,” मामा म्हणाले.

“एक बगळा झाला म्हणून नियम होत नाही. आणि मामा, तुम्ही उगाच कमी सामानाचं कौतुक करू नका.” मला आता खरंच राग आला होता, काही उन्हाचा, काही त्यांच्या ‘बघ’चा. “तुमच्याकडे एक कॅमेरा होता, कारण दुसरा मिळत नव्हता. त्यात तुमची निवड नव्हती. आता तुम्ही त्याचं व्रत करून सांगता. मद्रासचे एम. कृष्णन निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग जुळवून स्वतःचा कॅमेरा बनवून जंगलात हिंडायचे, त्याला त्यांनी सुपर पोंडेरोसा असं भारदस्त नावही दिलं होतं. लोक त्यांचं उदाहरण देतात, बघा, किती कमीत भागवलं. मला तर उलटं वाटतं. त्या माणसाला हवं तेच हवं होतं. बाजारात नव्हतं म्हणून त्याने ते घडवलं. भागवून घेणाऱ्याने एवढा खटाटोप केला नसता.”

मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “हे मात्र खरं. रोल संपला की मी महिनाभर चांगल्या गोष्टी नुसत्या बघायचो. तेव्हा कोणी येऊन म्हणालं असतं, किती छान, मन शांत राहतं, तर त्याला भट्टीत टाकला असता.”

एवढं कबूल करून ते उठले, कांदा या खिशातून त्या खिशात घातला आणि तळ्यामागच्या पडीक रानाकडे चालायला लागले.

तिथे टिटवी होती. आधी आवाज आला, मग दिसली, चाळीसेक मीटरवर. उघड्या, खडे पसरलेल्या जमिनीवर ती उभी होती. बसलेली नव्हती, आणि तेच विचित्र होतं. पाय किंचित फाकवलेले, पंख अंगापासून सुटे, चोच उघडी. मी झूमच्या सवयीने लेन्स फिरवली. फिरवायला काही नव्हतंच.

“अंड्यांवर आहे,” मी म्हणाले. “टिटवी जमिनीवरच अंडी घालते, खड्यांत. बहुतेक चार. पण ऊब देत नाहीये ती.”

“मग?”

उत्तर मागून आलं. म्हशीवाला म्हातारा आमचं काय चाललंय ते बघायला आला होता. “टिटही छइहाँ करत हे,” तो म्हणाला. टिटवी सावली करतेय.

पावणेबारा होऊन गेले होते. भिलाई २१.२ अंश उत्तरेला. मेच्या या तारखांना सूर्य माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच तळाखाली जाते. शून्य सावलीचा दिवस. पुण्याला तो मेच्या मध्यालाच होऊन जातो. दिल्लीला कधीच येत नाही, ती कर्कवृत्ताच्या पलीकडे पडते. मी पाण्याची बाटली जमिनीवर उभी केली. तिची सावली बाटलीच्या बुडाभोवती नखाएवढी उरली होती आणि तीही आत आत जात होती. आम्हा तिघांना मिळून त्या रानात वीतभर सावली नव्हती. टिटवीच्या पोटाखाली मात्र होती, गडद, गोल, आणि तिने ती चार अंड्यांवर नेमकी धरली होती.

“हाच,” मामा म्हणाले. “हाच फोटो. सकाळी सहाला ही सावली कुठल्या कुठे लांब पडली असती. चल, जवळ जाऊ.”

आणि ते निघाले. खिशातून फोन काढून, वाकून, स्वतःच्या मते हळू. पाच पावलं, सहा, सात. टिटवी उठली. ओरडत आमच्या डोक्यावरून फिरली, लांब जाऊन उतरली, पुन्हा उठली. खाली खडे आणि खड्यांसारखीच अंडी, आणि वर तो सूर्य.

“मामा, मागे.”

“एकच—”

“मागे! ती उभी राहिली होती ती कशासाठी? सावली गेली की अंडी शिजतील. या, मागे या आधी!”

मी त्यांच्या शर्टाला धरून ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा. आम्ही उलट्या पावलांनी बेशरमापर्यंत आलो आणि खाली बसलो. घड्याळ बघत होते. एक मिनिट. टिटवी आली नाही. दीड. ती पाण्याकडे गेली, कडेला पोटापर्यंत बसली, अंग हलवलं, आणि धावत, मधे थांबत, पुन्हा धावत अंड्यांशी आली. पोटाची पिसं भिजलेली होती. तसंच ओलं पोट तिने अंड्यांवर टेकवलं, थोड्या वेळाने उठली, आणि पुन्हा पाय फाकवून उभी राहिली.

मामा काही बोलले नाहीत. फोन खिशात गेला होता.

“लांब लेन्स यासाठी असते,” मी म्हणाले. आवाज अजून चढाच होता. “मोठेपणासाठी नाही. माझ्याकडे ती असती तर आपण इथूनच काढला असता, तिला कळलंही नसतं. कमी सामान असलं की माणूस जवळ जातो. चतुराचं ठीक आहे, चतुर परत येतो.”

“हो,” मामा म्हणाले. थोड्या वेळाने, “चुकलं.” आणि आणखी थोड्या वेळाने, कारण अखेर मामाच ते: “पण इथून ती तुझी लांब लेन्स लावली असती तर तिच्यात काय दिसलं असतं? तो बघ.”

जमिनीलगतची हवा उकळत होती. टिटवीचे पिवळे पाय पाण्यात दिसावेत तसे लवलवत होते. तापलेली हवा थराथराने वर चढते आणि प्रत्येक थर उजेडाला थोडा थोडा वाकवतो. अशा दुपारी मोठी लेन्स पक्षी मोठा करते, आणि ही लवलवही तेवढीच मोठी करते. चाळीस मीटरवरचं पीस असं कोणत्याही काचेने धारदार येत नाही. हे मला माहीत होतं. अशा फोटोंनी भरलेलं एक फोल्डर माझ्याकडे आहे आणि त्यातले सगळे मी ‘फोकस चुकला’ या सबबीखाली ठेवले आहेत.

“मग दोघांकडूनही नाही,” मी म्हणाले.

“तिथून आहे ते काढ ना. लहान तर लहान.”

बसल्या जागेवरून काढला. एकच. चौकटीत वर पांढरं आभाळ, त्यात दूर कारखान्याच्या चिमण्यांच्या चार रेघा, खाली पांढरी जमीन, आणि जमिनीच्या मधोमध एक लहानसं काळं काहीतरी. बाटलीखालची सावली तोवर पुरती गेली होती.

घरी मामी दारातच होती. बोलणी खाऊन, पन्हं पिऊन, पंख्याखाली आडवे झालो तेव्हा तिने कॅमेरा मागितला. चतुर तिला आवडला, “हा असा का लटकलाय?” बगळा जास्तच आवडला, “स्टुडिओत काढल्यासारखा आहे.” टिटवीवर ती थांबली. चष्मा लावला, काढला.

“यात काय आहे?”

“टिटवी.”

“कुठे? हा काळा ठिपका?”

“तो ठिपका तिची सावली आहे,” मामा पलंगावरून म्हणाले. “टिटवी त्याच्या वर.”

मामीने पुन्हा पाहिलं. “अगं बाई. आणि अंडी?”

“सावलीत.”

तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, चौकोन चौकोन दिसायला लागेपर्यंत मोठा केला आणि तिथे बोट ठेवून राहिली. मामांनी डोळे मिटले होते. माझ्या हातून शर्टाचं एक बटण तुटलं होतं, ते त्यांनी मामीला सांगितलं नाही.

संध्याकाळची गाडी वेळेवर सुटली. दुर्ग सोडलं की लगेच शिवनाथचा पूल लागतो. सूर्य समोर, अगदी खाली, आणि त्याचा उजेड नदीत शिरून सगळं सोनं करत चाललेला. वाळूत दोन माणसं आणि एक सायकल, पाण्याची बारीक धार, तीवर वाकलेला एक बगळा. दिवसभर ज्या उजेडासाठी कुरकुर केली तो आता खिडकीतून मांडीवर पडला होता. कॅमेरा काढला. न काढता राहवेना. फोटो खरंच सुरेख आला, माझ्या चांगल्या फोटोंपैकी. मामांना पाठवला.

राजनांदगाव यायच्या आधी उत्तर आलं.

“छान. गोंदिया आलं वाटतं?”